कुंपणावरचं अस्वल

25 ऑक्टोबर 1962 ची मध्यरात्र. क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेला पेचप्रसंग ऐन भरात होता. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, डुलुथच्या लष्करी तळावर, पहारेकऱ्याला कुंपण चढणारी एक आकृती दिसली. त्याने गोळी झाडली आणि घातपाताचा इशारा दिला. आसपासच्या तळांवर भोंगे वाजू लागले. विस्कॉन्सिनमधल्या व्होल्क फील्डवर मात्र भोंग्याच्या तारा चुकीच्या जोडल्या होत्या. तिथे वाजला तो विमानं उडवण्याचा भोंगा. पेचप्रसंग संपेपर्यंत सराव होणार नाहीत, असं वैमानिकांना बजावलेलं होतं. त्यामुळे युद्धच सुरू झालं असं समजून ते अण्वस्त्रं लादलेल्या एफ-106 विमानांकडे धावले. धावपट्टीवर एक मोटार दिवे उघडमीट करत आडवी आली म्हणून विमानं थांबली. कुंपणावर चढलं होतं ते अस्वल होतं.

ही गोष्ट आपल्यासारख्या वाचकांपर्यंत आली ती 1993 साली, स्कॉट सेगन यांच्या ‘द लिमिट्स ऑफ सेफ्टी’ या पुस्तकामुळे. हार्वर्डमधून डॉक्टरेट, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला काही काळ पेंटॅगॉनमध्ये काम, आणि 1987 पासून स्टॅनफर्ड विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास. बायोडेटा म्हणून यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी निवडलेल्या विषयात. त्यांच्या पिढीचे बहुतेक अभ्यासक बॉम्बकडे बुद्धिबळासारखं पाहत होते: राजा इकडचा, राजा तिकडचा, दोघेही शहाणे. सेगन यांनी पटाकडे पाठ फिरवली आणि सोंगट्या ठेवण्याची पेटी उघडली. तिथे त्यांना सापडल्या फाइली, पाळ्या, चुकीच्या जोडलेल्या तारा आणि वरिष्ठांना वाईट बातमी न सांगण्याची सवय. सरकारी कचेरीत ज्याने आयुष्य काढलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चार्ल्स पेरो या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, गुंतागुंतीच्या आणि एकमेकांना घट्ट जखडलेल्या यंत्रणांत अपघात हा अपवाद नसतो, तो त्या रचनेतच असतो. सेगन यांनी हे म्हणणं अमेरिकी अण्वस्त्रांवर तपासून पाहिलं. जानेवारी 1968 मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन उडणारं बी-52 विमान ग्रीनलंडमधल्या थुलेजवळ कोसळलं. थुलेला क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणारं रडार होतं, आणि ते शाबूत आहे ना हे पाहण्यासाठीच अशी विमानं तिथे घिरट्या घालत. राखणीसाठी ठेवलेलं विमान रडारवरच पडलं असतं, तर अमेरिकेत बसलेल्यांना तो रशियाचा हल्ला वाटला असता. सुरक्षेसाठी बसवलेली जादा कडीच नवा धोका निर्माण करते, हा सेगन यांच्या साऱ्या लेखनातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा मुद्दा.

त्यांना घरोघरी नाही, पण वर्गावर्गात पोचवलं ते राज्यशास्त्रज्ञ केनेथ वॉल्ट्झ यांच्याशी झालेल्या वादाने. वॉल्ट्झ 1981 पासून सांगत होते की अण्वस्त्रं हळूहळू आणखी देशांकडे गेली तर बरंच. धाक वाढेल, युद्धं टळतील. 1995 मध्ये दोघांनी मिळून एकच पुस्तक काढलं, एकमेकांविरुद्ध. वॉल्ट्झ यांचा युक्तिवाद देखणा आहे, एखाद्या भूमितीच्या सिद्धतेसारखा. पण सेगन यांच्या हातात कागद होते.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं: गोऱ्यांनी ठेवले तर बॉम्ब सुरक्षित, आम्ही ठेवले तर धोक्याचे! हा आरोप पुष्कळ पाश्चात्त्य पंडितांना लागू पडतो, सेगन यांना नाही. त्यांचं अस्वल मिनेसोटातलं होतं.

भारताबद्दल त्यांनी लिहिलं ते जरा अंगाला लागणारं आहे. देश बॉम्ब का बनवतात, या 1996 च्या लेखात त्यांनी तीन कारणं मांडली: शत्रूची भीती, घरचं राजकारण आणि प्रतिष्ठा. 18 मे 1974 च्या पोखरण स्फोटाला त्यांनी दुसरं कारण लावलं. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा रेल्वे संप तेव्हा चालू होता, इंदिरा गांधींची लोकप्रियता घसरली होती, आणि निर्णय पंतप्रधान व मूठभर सल्लागार-शास्त्रज्ञांमध्येच झाला होता. मला हे अर्धंच पटतं. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातली तयारी संपाच्या कितीतरी आधीपासूनची; संपामुळे बॉम्ब बनला नाही, फार तर मुहूर्त ठरला असेल. पण संरक्षण खात्यापेक्षा अणुशास्त्रज्ञांचा शब्द जड होता, हे निरीक्षण खोडून काढणं अवघड आहे.

पुढे अणुसुरक्षेचे अभ्यासक मॅथ्यू बन यांच्यासोबत 2014 मध्ये त्यांनी घरभेद्यांवर लिहिलं. आपले लोक विश्वासू आहेत ही समजूत कशी अंगाशी येते, याचं त्यांचं एक उदाहरण दिल्लीचं आहे: स्वतःच्याच अंगरक्षकांनी केलेली इंदिराजींची हत्या. कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. त्यांनी ती म्हण ऐकलेली नसावी, पण अणुभट्टीच्या दारावर लावावी अशीच ती आहे. 2017 चा अभ्यास त्याहून गारठवणारा. वीस हजार अमेरिकी सैनिक वाचत असतील तर इराणच्या लाखो नागरिकांवर अणुबॉम्ब टाकायला निम्म्याहून जास्त अमेरिकी लोक तयार दिसले. बॉम्ब वापरणं आता अशक्यच झालंय, अशी ज्यांची श्रद्धा होती त्यांनी तो निबंध वाचावा.

इतक्या वर्षांत चुकून एकही अणुस्फोट झालेला नाही, हे वॉल्ट्झच्या बाजूचे लोक आजही ऐकवतात. खरं आहे. पण ती मोटार धावपट्टीवर वेळेत पोचली, हे नियोजन नव्हे.

9 मार्च 2022 रोजी आपलं एक क्षेपणास्त्र, अस्त्र न लावलेलं, चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. सुरुवातीला देखभालीतला तांत्रिक बिघाड असं सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये कार्यपद्धती न पाळल्याबद्दल हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. पलीकडे कोणी बटणावर हात ठेवला नाही, म्हणून आपण हा विषय विसरलो. या चौकशीचा अहवाल, गोपनीय भाग वगळून, अभ्यासकांना खुला करावा. डुलुथच्या अस्वलाची गोष्ट पुस्तकात यायला 31 वर्षं लागली होती.