लाटवियाच्या पोरांनी कॅनडाला थोपवलं तेव्हा

ज्युनियर हॉकी म्हणजे पोराटोरांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांना मी २७ डिसेंबर २०२४ चा ओटावातला सामना पाहायला सांगते. वीस वर्षांखालच्या आइस हॉकीची ही जागतिक स्पर्धा दरवर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. त्यात दहाच संघ असतात. तळाचा संघ पुढच्या वर्षी खालच्या गटात जातो, त्यामुळे छोट्या देशांना इथे टिकून राहण्यासाठीही झुंजावं लागतं.

लाटवियाची लोकसंख्या नागपूर शहराहूनही कमी. समोर होता वीस वेळा अजिंक्य ठरलेला कॅनडा, तोही घरच्या मैदानावर. कॅनडाने गोलवर ५७ फटके मारले. गोलरक्षक लिनार्ड्‌स फेल्डबर्ग्सने त्यातले ५५ अडवले.

हे काम किती अवघड! पक म्हणजे कडक रबराची जाड चकती. उसळू नये म्हणून ती आधी गोठवतात. गोलरक्षक जाळीला चिकटून राहिला, तर नेमबाजाला कोपरे मोकळे दिसतात. तो दोन पावलं पुढे सरकला की तेच कोपरे झाकले जातात. फार पुढे गेला, तर मात्र बगल देऊन गोल होतो.

सामना २-२ असा सुटला, म्हणून शूटआउट झालं. फेल्डबर्ग्सने आठही नेमबाज परतवले, एरिक्स माटेइकोने गोल केला आणि या स्पर्धेत लाटविया प्रथमच कॅनडाला हरवून गेला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने त्यांना ३-२ असं हरवलं. तरीही माझ्या लेखी त्या वर्षीचा सर्वांत मोठा पराक्रम या पोरांचाच.