‘टार्गेट’ म्हणजे नेमकी कोणती फाइल?

युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत फाइलचा दुवा तयार करण्यासाठी ‘एलएन’ ही छोटी आज्ञा वापरली जाते. तिच्यापुढे दोन नावे लिहावी लागतात. त्यांतील पहिले कोणते, हे पाहण्यासाठी मदत-पुस्तिका उघडल्यास गोंधळ वाढण्याचीच शक्यता अधिक.

लिनक्सवर प्रचलित असलेल्या ग्नू संचाच्या पुस्तिकेत आधी ‘टार्गेट’ व नंतर ‘लिंक नेम’ असा क्रम आहे. येथे टार्गेट म्हणजे मूळ फाइल. पॉझिक्स या मानकात मात्र ‘सोर्स फाइल’ आणि त्यानंतर ‘टार्गेट फाइल’ असे लिहिले आहे. तेथे टार्गेट म्हणजे नव्याने तयार होणारे नाव. प्रत्यक्षात दोन्हीकडे मूळ फाइलच प्रथम येते. शब्द तेवढा विरुद्ध अर्थाने वापरला गेला आहे.

ही चूक महागात पडू शकते. ‘एस’ आणि ‘एफ’ हे पर्याय जोडून नावे उलटी लिहिली, तर मूळ फाइल न विचारता काढून टाकली जाते. तिच्या जागी उरतो तो अस्तित्वातच नसलेल्या फाइलकडे नेणारा दुवा. केवळ ‘एस’ दिल्यास, फाइल आधीच अस्तित्वात असल्याचे सांगून संगणक थांबतो.

आज्ञेचा साचा ‘सिनॉप्सिस’ या शीर्षकाखाली देण्याची प्रथा १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेपासूनची आहे. चौकटी कंसातील भाग ऐच्छिक, टिंबे म्हणजे पुनरावृत्ती, हे संकेत जाणकारांना पुरेसे वाटतात. नवख्याला उदाहरण हवे असते आणि ग्नूच्या संक्षिप्त ‘मॅन’ पानावर ते एकही नाही. फाइलची नक्कल करणाऱ्या ‘सीपी’ आज्ञेचा क्रमही हाच आहे : आधी असलेले नाव, मग नवे.