नक्षी यंत्राची, हुनर कोणाचे?

संगणकाला चार शब्द सांगितले की साडीचा काठ, चादरीची बुट्टी किंवा ड्रेस मटेरियलचे डिझाइन क्षणात तयार होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही करामत आता आम्हा माधवनगरच्या कापड व्यापाऱ्यांच्या मोबाईलवरही आली आहे. काम स्वस्त झाले हे खरे. पण यंत्र नक्षी स्वतःच्या मनाने काढत नाही. असंख्य कलाकारांची चित्रे दाखवून त्याला आधी शिकविलेले असते. त्या कलाकारांना विचारले का, मोबदला दिला का, यावर आज देशोदेशी खटले चालले आहेत. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला.

आपल्या सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या गायिका आशा भोसले यांनाही कोर्टात जावे लागले. यंत्राने त्यांच्या आवाजाची नक्कल होत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. परवानगीवाचून अशी नक्कल करणे हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग होय, असे कोर्टाने मानले. गायक अरिजित सिंग यांना याच कोर्टाने २०२४ मध्ये असेच संरक्षण दिले होते.

आशाताईंचा आवाज सारा देश ओळखतो. कापडावर मात्र नक्षी काढणाऱ्याचे नाव नसते. त्याची नक्षी यंत्रात घालून थोडी फिरवली, तर तक्रार कोण करणार? त्याला आधार फक्त कागदाचा आहे.

तेव्हा कायदा समजून घ्यावा. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नवीन नक्षीची नोंदणी होते. हक्क १० वर्षे मिळतो व आणखी ५ वर्षे वाढविता येतो. मात्र माल बाजारात आणण्यापूर्वीच अर्ज केला पाहिजे. नोंदणीयोग्य नक्षी नोंदविली नाही आणि तिचे ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा आधारही जातो. म्हणजे ५१ वी साडी निघाली की हक्क संपला!

दुसरी गोष्ट कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवावी. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन काढले, तर डिझाइन कायद्याने मालक सहसा पैसे देणारा ठरतो. म्हणून काम घेतानाच लिहून घ्यावे: नक्षी कोणत्या मालासाठी, किती काळासाठी, आणि ती यंत्रात घालून नवे नमुने काढायचे असल्यास वेगळा मेहनताना किती.

व्यापारी बंधूंनाही यात तोटा नाही. यंत्राने दिलेला नमुना दुसऱ्याच्या नोंदलेल्या डिझाइनशी जुळला, तर दावा यंत्रावर होत नाही, माल विकणाऱ्यावर होतो. दंड किंवा नुकसानभरपाई भरावी लागते, शिवाय विक्रीवर मनाई येऊ शकते. यंत्र जरूर वापरावे; पण ज्याच्या हुनरावर आपला गल्ला भरतो, त्याचा हिस्सा आधी बाजूला काढावा.