योग्या : रुग्णावर शस्त्र धरण्यापूर्वीचा अभ्यास

शल्यकर्माचे कौशल्य प्रथम प्रतिकृतीवर आत्मसात करावे, हा विचार आज ‘सिम्युलेशन’ या नावाने मान्यता पावला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ९ वा अध्याय, ‘योग्यासूत्रीय’, याच विषयास वाहिलेला आहे. शास्त्र पूर्ण पढलेला शिष्यही योग्या, म्हणजे प्रत्यक्ष सराव, केल्याविना कर्मास अपात्रच राहतो, असा आचार्यांचा अभिप्राय आहे.

अष्टविध शस्त्रकर्मांपैकी प्रत्येकासाठी त्यांनी स्वतंत्र द्रव्ये सुचविली आहेत :

• छेदन – कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी
• भेदन – पाणी व चिखल भरलेली चामड्याची पिशवी
• लेखन – ताणलेले केसाळ कातडे
• वेधन – मृत पशूची सिरा, कमळाचा देठ
• एषण – किडीने पोखरलेले लाकूड, वेळू
• आहरण – फणस व बेलफळातील गर, मृत पशूचे दात
• विस्रावण – मेण लावलेली काटेसावरीची फळी
• सीवन – जाड वस्त्राचे व मऊ चामड्याचे काठ

याखेरीज पट्टबंधनाचा सराव पुरुषाकृती पुतळ्यावर, तर अग्नि व क्षारकर्माचा मृदू मांसखंडावर सांगितला आहे. निवडीमागील हेतू उघड आहे. भोपळ्याची साल कापताना शस्त्र किती खोल गेले, हे हातास कळते. पोखरलेल्या लाकडात एषणी वळणावळणाने न्यावी लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही द्रव्ये दुर्मिळ नाहीत. वेळू व काटेसावर रानात आहेत, कमळाचे देठ मालगुजारी तलावांत मिळतात. शिवाय सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० कि.मी. दूर आहे. कुऱ्हाडीचा घाव वा अस्वलाने फाडलेली जखम घेऊन आलेल्या रुग्णास पुढे पाठविण्यापूर्वी रक्तस्राव थांबविणे व घट्ट, योग्य पट्टबंधन करणे, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. हे हात तेव्हाच शिकू लागले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

सीवनाचा सराव करताना सुई त्वचेत काटकोनात शिरावी, दोन्ही काठांपासून अंतर समान राहावे, काठ जुळावेत पण चुरगळू नयेत, या तीन गोष्टी सहकाऱ्याकडून तपासून घ्याव्यात.

मर्यादाही ध्यानी घ्यावी. भोपळ्यास रक्त नाही, वेदना नाही. म्हणून योग्येनंतर अनुभवी शल्यज्ञाच्या देखरेखीखालील कर्म अपरिहार्यच आहे. नोव्हेंबर २०२० च्या नियमावलीतील ५८ शस्त्रकर्मेही शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. केवळ सरावाने तो अधिकार मिळत नाही.

शाखांच्या मासिक सभेत एक तास योग्येस द्यावा. औषधालयधारक बंधूंनी सुया, धागे व पट्ट्या पुरविल्यास खर्च नगण्य राहील.