स्वतःची वकिली आणि तिचे विद्यावेतन

दुसऱ्याची बाजू मांडणारा वकील फी घेतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडण्यासाठी सरकारी समितीपुढे येणाऱ्या अपंग तरुणाने मात्र ते काम विनामूल्य करावे, फार तर चहापाण्यावर समाधान मानावे, अशी अपेक्षा सर्रास बाळगली जाते. अमेरिकेत या अपेक्षेला छेद देणारे काही प्रयत्न चालू आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व यांसारख्या, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत सुरू होणाऱ्या आणि बहुधा जन्मभर सोबत करणाऱ्या अवस्थांना तेथील कायदा ‘विकासात्मक अपंगत्व’ म्हणतो. अशा तरुण-तरुणींना कायदा कसा तयार होतो, सरकारी पैसा कोठून कोठे जातो, लोकप्रतिनिधीला कसे भेटावे आणि बैठकीत आपले म्हणणे कसे मांडावे, हे शिकविणारे वर्ग तेथे चालतात. त्यांपैकी काही ठिकाणी शिकणाऱ्याला विद्यावेतनही मिळते.

अशा वर्गांची गरज कायद्यानेच निर्माण केली आहे. 2000 सालच्या तेथील कायद्यानुसार प्रत्येक राज्याच्या विकासात्मक अपंगत्व परिषदेत निदान 60 टक्के सभासद स्वतः अपंग किंवा अपंगांचे कुटुंबीय असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश जागा खुद्द अपंगांच्या असतात. जागा मिळाल्या, पण खुर्चीवर बसणे वेगळे आणि त्या खुर्चीवरून बोलणे वेगळे. ज्याला लहानपणापासून काय खायचे, कोठे जायचे हेसुद्धा दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्याने एकाएकी राज्याच्या योजनेवर मत द्यावे, हे अवघडच.

हे बोलणे शिकविता येते, याचा धडा प्रथम स्वीडनने दिला. 1960 नंतरच्या दशकात बेंग्ट निर्ये यांनी तेथील बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांच्या मंडळांतून सभाशास्त्राचे पाठ सुरू केले. सूचना मांडणे, अनुमोदन देणे, प्रश्न मतास टाकणे, आपल्याविरुद्ध मत पडले तरी सभा न सोडणे (हा शेवटचा पाठ पुष्कळ धडधाकट सभासदांनाही अजून आलेला नाही). 1970 साली माल्मो येथे या तरुणांची राष्ट्रीय परिषद भरली आणि राहणे, फुरसत, शिक्षण, काम यांविषयीच्या आपल्या मागण्या त्यांनी स्वतः मांडल्या. ही कल्पना पुढे अमेरिकेत पोचली. 1974 साली ऑरेगन राज्यातील सेलम येथे ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना उभी राहिली. आम्ही आधी माणसे आहोत, अपंगत्व नंतर, एवढाच त्या नावाचा अर्थ. तिचे आरंभीचे अनेक सभासद मोठ्या सरकारी वसतिगृहांत वर्षानुवर्षे राहिलेले होते. त्याच वर्षीच्या तिच्या पहिल्या संमेलनाला पाचशेहून अधिक माणसे आली.

मिनेसोटा राज्याच्या परिषदेने 1987 साली ‘पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग’ नावाचा वर्ग काढला. लहान अपंग मुलांचे पालक आणि प्रौढ अपंग यांच्यासाठी तो होता. महिन्यातून दोन दिवस, असे आठ महिने तो चाले. प्रवास, निवास, जेवण आणि घरी मागे राहिलेल्या मुलाची देखभाल यांचा खर्च परिषद सोसे. ही मोठीच सोय होती. तथापि खर्च भागविणे आणि मोबदला देणे यांत अंतर आहे. प्रवासभत्ता म्हणजे पगार नव्हे, हे कोणत्याही कारकुनास सांगावे लागत नाही. प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाचा पगार त्या दिवसांत चालूच असतो आणि तसा तो असावाच.

विद्यापीठांतून केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा ‘लेंड’ हा अभ्यासक्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वैद्यक, मानसशास्त्र, वाचा-उपचार अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना अपंगत्वाच्या क्षेत्रातील नेतृत्वासाठी तयार करणे हा त्याचा हेतू. पूर्ण मुदतीच्या विद्यार्थ्याला त्यात निदान 300 तास द्यावे लागतात. आता त्याच वर्गांत अनेक ठिकाणी विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींनाही विद्यार्थी म्हणून घेतले जाते. भावी डॉक्टर आणि ज्याच्यावर तो उपचार करणार तो, दोघे एका बाकावर! या बाकावरील एकालाच विद्यावेतन मिळाले, तर वर्गातली समता पहिल्याच दिवशी संपते.

मोबदल्याने आवाज विकत घेतला जाईल, असा आक्षेप काही सद्‌हेतू असलेले लोक घेतात. त्या टेबलाभोवती बसलेला अधिकारी, तज्ज्ञ, संस्थेचा संचालक, किंबहुना अपंग सभासदाला मदत करण्यासाठी आलेला सहायकसुद्धा पगारी असतो. त्यांची मते विकली गेली असे कोणी म्हणत नाही. ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ अशी आपल्याकडे थट्टा आहे; येथे पगारही नाही आणि अधिकारही नाही. शिवाय या तरुणाचे श्रम इतरांहून अधिक असतात. कागदपत्रे सोप्या भाषेत पुन्हा वाचावी लागतात, बोलायचे ते आधी घोकावे लागते, बसचा मार्ग पाठ करावा लागतो. विनामूल्य काम परवडते ते सुस्थितीतील घरांतल्या मुलांना. गरिबाघरचा अपंग तरुण त्यामुळे आपोआपच वगळला जातो आणि परिषदेत पुन्हा सुखवस्तूंचाच आवाज उरतो.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती तेथील कायद्यांतच आहे. अनेक अपंगांचा निर्वाह ‘एसएसआय’ या सरकारी मदतीवर चालतो. ती मिळविणाऱ्या एकट्या व्यक्तीची शिल्लक 2000 डॉलरच्या वर जाता कामा नये. 1989 पासून ही मर्यादा तसूभर हललेली नाही. कमाईतील ठरावीक रक्कम सोडून उरलेल्याच्या निम्मी रक्कमही मदतीतून वजा होते. म्हणजे विद्यावेतन घ्यावे, तर मदत घटते आणि ते साठवावे, तर मदत बंद पडण्याची भीती. 2014 च्या कायद्याने खास बचत खात्याची पळवाट काढून दिली असली, तरी तिची माहिती करून घेणे हेच एक प्रशिक्षण आहे. त्यातच 1938 च्या श्रमकायद्यातील एका तरतुदीने परवानाधारक मालकांना अपंगांना किमान वेतनाहूनही कमी मजुरी देण्याची मुभा दिली. अनेक राज्यांनी ही पद्धत बंद केली आहे. केंद्रीय कायद्यातील तरतूद मात्र शाबूत आहे. एका हाताने आत्मसन्मानाचे शिक्षण द्यावे आणि दुसऱ्या हाताने मजुरी कापावी, असा हा प्रकार आहे.

अपंगांविषयीचे निर्णय घेताना त्यांच्याशीच सल्लामसलत करावी, असे संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्कविषयक करार सांगतो. 2012 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्याच्या बाजूने 61 आणि विरुद्ध 38 मते पडली. दोन तृतीयांश बहुमत न मिळाल्याने तो तेथे अडला. भारताने मात्र 2007 सालीच तो मान्य केला होता. त्याआधी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हावार स्थानिक समित्यांची तरतूद केली. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिघे किमान असावेत. प्रौढ व्यक्तीला कायदेशीर पालक नेमावा की नाही, हा तिच्या आयुष्याला वळण देणारा निर्णय ही समिती घेते. तिसऱ्या जागेसाठी कायद्याला कोणत्याही प्रकारचे अपंगत्व चालते. पालक नेमण्याचे अर्ज ज्यांच्याविषयी येतात, त्यांच्यापैकीच एखाद्या तरुणीला तेथे बसवायचे, तर तिला अर्ज वाचायला, शंका विचारायला आणि अधिकाऱ्यासमोर ‘नाही’ म्हणायला शिकवावे लागेल. या शिकण्यात तिचे कित्येक महिने जातील. त्या महिन्यांचे विद्यावेतन कोणत्या खात्यातून द्यायचे, याचा विचार जिल्ह्याचे अंदाजपत्रक आखताना होऊ शकतो.