श्रीवर्धनची वाडी आणि घरचा पैसा

पेन्शनीचा पैसा कोठें गुंतवावा, असें कोणीं विचारिलें कीं श्रीवर्धनांतील वृद्ध अजूनहि सुपारीच्या वाडीकडे बोट दाखवितात. येथील रोठा सुपारीची कीर्ति मोठी खरी. परंतु पोफळ लावल्यावर फळाची वाट सहा-सात वर्षें पाहावी लागते, आणि तोंवर शिंपणें, खत व पावसाळ्यांत कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाची फवारणी, हा खर्च थांबत नाहीं.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें आणि आजोबांनीं लावलेल्या पोफळी नातवादेखत एका दुपारींत मोडल्या. सरकारनें फळबागांस हेक्टरी ५०,००० रुपये देऊं केले. हेक्टरीं १,३०० पोफळी धरल्या तर झाडामागें चाळीस रुपयेहि पडत नाहींत! मोडलेली पोफळ पुनः फुटत नाहीं. वर्षें पहिल्यापासून मोजावयाचीं.

म्हणून मुंबईच्या भावानें पाठविलेली सर्व रक्कम एकट्या पोफळींत घालणें मला तरी पसंत नाहीं. रोपें येथील सुपारी संशोधन केंद्राच्या सल्ल्यानें निवडावीं, मधल्या जागेंत केळी लावाव्या, वाचलेल्या जुन्या पोफळींवर मिरीवेल चढवावे. केळीचा घड वर्षा-सव्वा वर्षांत उतरतो, मिरी तिसऱ्या-चवथ्या वर्षीं हातीं लागते. जायफळ मात्र पोफळीइतकाच धीर मागतें.