अभियंत्याची सनद

एका वैद्याचे औषध लागू पडले नाही तर रोगी दुसऱ्याकडे जातो. परंतु नदीवरचा पूल कच्चा आहे की पक्का, हे त्यावरून जाणाऱ्या वाटसरूस कळावयाचा मार्ग नसतो. तो विश्वासाने जातो. हा विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवावयाचा, ह्या प्रश्नाशी अभियंत्यांच्या संस्थांचा इतिहास निगडित आहे.

१८१८ साली लंडनमधील एका कॉफीगृहात काही तरुण अभियंते जमले व त्यांनी ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स’ ही संस्था स्थापिली. त्या काळी ही विद्या बहुतांशी उमेदवारी करूनच शिकावी लागे. तेव्हा एकाचा अनुभव दुसऱ्यास मिळावा, एवढाच त्यांचा साधा हेतू होता. दोन वर्षांनी थॉमस टेलफर्ड अध्यक्ष झाले. हे गृहस्थ मूळचे पाथरवट! १८२८ मध्ये संस्थेस राजाची सनद मिळाली आणि मित्रमंडळीच्या बैठकीस सार्वजनिक जबाबदारीचे रूप आले. आपल्याकडील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया)’ १९२० साली नोंदली गेली. तिला १९३५ मध्ये सनद मिळाली. तिचे मुख्य कार्यालय कोलकात्यास आहे.

पदवी आणि सनद ह्यांत भेद काय? पदवी सांगते की ह्याने काय अभ्यासिले. सनद सांगते की ह्याने काय करून दाखविले. ब्रिटनमध्ये कोणीही स्वतःस इंजिनियर म्हणवू शकतो, पण ‘सनदी अभियंता’ हे पद तसे घेता येत नाही. उमेदवाराने काही वर्षे जबाबदारीचे काम केलेले असावे लागते. मग अनुभवी अभियंते त्याला समोर बसवून त्याच्याच कामाविषयी विचारतात : हा निर्णय का घेतला? दुसरा मार्ग का सोडला? उत्तीर्ण झाल्यावरही बंधने सुटत नाहीत. शिकत राहावयाचे, आपल्या आवाक्याबाहेरचे काम घ्यावयाचे नाही, आणि लोकांची सुरक्षितता सर्वांच्या वर मानावयाची. हे नियम मोडणाऱ्याचे नाव पटावरून काढले जाऊ शकते, आणि माझ्या मते सनदेचे खरे मोल तेथेच आहे. जे काढून घेता येत नाही, त्याला वजन कसले?

कॅनडातील क्वेबेक येथे सेंट लॉरेन्स नदीवर पूल चालला होता. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला गेला, परंतु वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने मांडला गेला नाही. लोखंडी तुळया वाकू लागल्या. सल्लागार अभियंते थिओडोर कूपर वृद्ध व आजारी. ते न्यूयॉर्कला बसून काम पाहात. जागेवरचा तरुण निरीक्षक स्वतः त्यांच्याकडे धावला. आणखी भार घालू नका, अशी तार कूपरनी केली. पण ती पेनसिल्व्हेनियात कंपनीच्या कचेरीकडे गेली, पुलापर्यंत निरोप पोचलाच नाही. त्याच सायंकाळी, २९ ऑगस्ट १९०७ रोजी, पूल कोसळला. ७५ मजूर प्राणास मुकले. पुन्हा बांधताना १९१६ मध्ये मधला भाग पडून आणखी १३ जण गेले.

आता, कूपर कोणी नवशिके नव्हते. त्यांचे नाव मोठे होते. त्यांच्या नावावरच सगळे विसंबले, हीच चूक. म्हणून सभासदत्व हा काही ताईत नव्हे. नामांकितासही प्रश्न विचारण्याची रीत संस्थेत नसेल, तर नावापुढची अक्षरे नुसती शोभेचीच. कॅनडातील अनेक प्रांतांनी १९२० पासून अभियंत्यांच्या परवान्याचे कायदे केले. १९२५ पासून तेथील नवे अभियंते एका विधीत आपल्या कर्तव्याची शपथ घेऊन करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. (ती त्याच पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते, ही मात्र दंतकथा.)

आपल्या देशात लेखापालांचा कायदा १९४९ मध्ये झाला, वकिलांचा १९६१ मध्ये, वास्तुशिल्पींचा १९७२ मध्ये. अभियंत्यांसाठी मात्र त्या तोडीचा कायदा पुढे कित्येक दशके झाला नाही. त्यामुळे येथे सनद ही बहुतांशी स्वेच्छेची गोष्ट राहिली. तरी परदेशातून जुनी यंत्रे आणताना सीमाशुल्क खाते त्यांच्या किमतीविषयी सनदी अभियंत्याचा दाखला मागते, तेथे सहीची किंमत कळते.

पालक मला एक गोष्ट नेहमी विचारतात, ती सांगतो. कोलकात्याच्या संस्थेची परीक्षा नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून देता येई, आणि सरकार ती पदवीसमान मानी. कितीतरी ओव्हरसियर व कारागीर तिच्या आधारे वर चढले. गरिबाच्या मुलास ते मोठेच दार होते. परंतु केंद्र सरकारची ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच ठेवण्यात आली. जुन्या आठवणीवर विसंबून मुलास त्या वाटेने धाडू नये. आधी मान्य महाविद्यालयाची पदवी, मग काही वर्षे प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतरच सनदेचा अर्ज, असा क्रम त्याने धरावा. आणि केलेल्या कामाची टिपणवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी.